रकाना सात

नंदुरबारच्या तहसीलबाहेर, लिंबाखाली
माझी घडीची खुर्ची, पत्र्याची पेटी.
अर्जाचे तीस रुपये, शपथपत्राचे वेगळे.
लिपिकाच्या परीक्षेत दोनदा राहिलो,
पण अक्षर मोत्यासारखं,
हे आत बसलेलेसुद्धा मान्य करतात.

तापीबाई कोळी आली
तेव्हा आधी मला शिंक आली, मग ती दिसली.
मिरचीच्या पथारीवरून तशीच उठून आलेली,
लुगड्याच्या घडीघडीत तिखट.
म्हणाली, नवं कार्ड पाहिजे. नात आणि मी, दोघींचंच.
जुनं भटू घेऊन गेला सुरतला.
त्यावर हिचं नाव अजून आहे,
म्हणजे कागदावर ही सुरतेत जेवते,
आणि इथे दुकानदार म्हणतो,
बाई, तुमचा दाणा उचलला गेला.

नाव लिहिलं. वय अंदाजे.
नातीच्या आधारवर जन्मसाल असं छापलंय
की ती आपल्या आईहून दोन वर्षांनी मोठी.
ते पुढच्या खेपेला बघू म्हटलं.

रकाना सात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न.
इथे सगळेच जरा थांबतात,
लिंबाकडे बघतात, मग मलाच विचारतात,
किती लिहू म्हणता?
ही थांबली नाही. बोटांच्या पेरांवर
वर्ष मांडायला लागली.
मिरचीचे देठ खुडायचे दोनशे रोज, चार महिने: चोवीस हजार.
कापूस वेचणी: नऊ हजार आठशे.
पपईच्या बागेत: पाच हजार सहाशे.
मी बेरीज केली, खाली रेघ मारली.
बसतेय, म्हटलं, चव्वेचाळीसच्या आत.

"आनी भटूनी दिवाईले पाच हजार दिन्हात."
ते नका धरू, बाई.
"लिखा भाऊ. दिन्हात ते दिन्हात."

चव्वेचाळीस हजार चारशे.

तिला समजावून सांगितलं.
चारशे रुपयांनी तुम्ही वर जाता.
ती हसली नाही, रडली नाही.
पदराने नाक पुसलं, खूप वेळ पेरं चाचपली,
जसं बाजारातून परतल्यावर
सुटे पैसे कुठे कमी पडले ते शोधावं.
मग म्हणाली,
"दोन दिन मी कामले गऊच नही.
पोरले ताप व्हता."

दोन दिवस. चारशे रुपये.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.
खरंच आठवलं की आठवून घेतलं
हे विचारायचे तीस रुपये मी घेत नाही.
चव्वेचाळीस हजार फक्त. अक्षरी. अंकी.
माझं स्वतःचं कार्ड केशरी आहे,
त्यावर गॅससुद्धा मिळत नाही, दाणा तर नाहीच,
पण तो विषय निराळा.

अंगठा, म्हटलं, इथे.
शाईच्या डबीत दाबला, कागदावर टेकवला.
काळा वाटोळा डाग. आत एक रेघ नाही.
दुसरा उमटवला. तोही तसाच,
तव्यावर करपलेल्या दामटीसारखा.
अठरा हंगाम देठ खुडताना
एकेक रेघ मिरचीनं नेलेली.
"मना अंगठा कथा गया, भाऊ?"
तिने मलाच विचारलं, जणू तो
माझ्याच पेटीत असावा.

तर्जनी गेलेली. मधलं बोटही.
करंगळीला मात्र खुडायचं काम नसतं.
ती उमटली. बारीक, पोरीच्या बोटासारखी,
सगळ्या रेघा जागच्या जागी.
अर्जात करंगळीला जागा नाही.
मी बाजूला माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं:
डाव्या हाताच्या करंगळीचा ठसा.
आणि खाली, कोणी विचारलं नसताना: समक्ष.

आत नेऊन दिला.
बाबूने तो आडवा धरला, उभा धरला,
ट्रेमध्ये टाकला.
कोणत्या ट्रेमध्ये, ते मला बाहेरून दिसलं नाही.

दर सोमवारी ती येऊन विचारून जाते.
परवा शिंक आली.
पेनचं टोपण काढत मान वर केली.
दुसरीच कोणी होती,
दहाही बोटं पसरून उभी.